काळोखाचं तिकीट

नॉर्वेच्या किनाऱ्याने ऐन नाताळात बोटीतून उत्तरेला जायचं, तर तिथं पाहायचं काय, असा प्रश्न आमच्या सोसायटीतल्या ज्यांनी ज्यांनी विचारला, त्या सगळ्यांचं बरोबर होतं. पाहायचं काही नसतं. उत्तर ध्रुववृत्त ओलांडून बऱ्यापैकी वर गेलं की नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य क्षितिजाखाली जातो, तो जानेवारीचा मध्य उजाडेपर्यंत तोंड दाखवत नाही. ‘उजाडेपर्यंत’ म्हणायचीही तशी सोय नाही. म्हणजे ज्या मुलखाचे फोटो पाहून माणूस पैसे भरतो, तो मुलूख त्या दिवसांत जागच्या जागीच असतो, फक्त दिसत नाही. माहितीपत्रकातले निळे फ्योर्ड, हिरवे डोंगर आणि पाण्याकाठची लाल घरं हे सगळं जूनमध्ये टिपलेलं असतं. डिसेंबरातला फोटो छापायचा तर शाई फार लागेल.

समुद्र दिसणाऱ्या केबिनचे पैसे वेगळे होते. ते भरलेले होते. पडदा सरकवला की काचेत मी दिसायचो, माझ्यामागे बायको दिसायची आणि तिच्यामागे बंद न होणारी बॅग. समुद्रही असावा, कारण आवाज येत होता.

तिकिटं आतेभावाने काढून दिली होती. तो ओस्लोत आयटीत आहे. आपल्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला, आणि आम्हा दोघांना भेट म्हणून त्याने ही सफर दिली आणि स्वतः सासुरवाडीच्या मंडळींना घेऊन स्पेनला गेला. नॉर्वेत मुरलेला माणूस डिसेंबरात दक्षिणेला जातो. उत्तरेला तो पाहुणे पाठवतो.

आत्या ऐंशीच्या घरातली, मूळची देवगडची. तिच्या लहानपणी मुंबईहून घरी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग अशी बंदरं घेत घेत बोट देवगडला पोचायची आणि खोल पाण्यात उभी राहायची. मग पडावात उतरायचं, मुलं एका हातात, ट्रंक दुसऱ्या हातात. ही सगळी बंदरं आत्याला अजून क्रमाने पाठ आहेत. नातवंडांची नावं मात्र चुकतात.

बोट जिथून सुटते त्या बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. आम्ही पोचलो तो दिवस त्यांतलाच होता. क्रूझ म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं, म्हणजे गच्चीवर पोहण्याचा तलाव, संध्याकाळी जादूगार, मध्यरात्री पुन्हा जेवण, ते मनात धरून बायकोने एक जरीकाठाची साडी खास वेगळी ठेवली होती. धक्क्यावर पाहतो तर बोटीच्या कुशीतलं एक मोठं दार उघडं आणि फोर्कलिफ्ट आतबाहेर करतेय. बटाट्यांची पोती, मग एक फ्रिज, मग रिकामे मासळीचे खोके, मग प्लॅस्टिकात गुंडाळलेली गादी. एवढं सगळं आत गेल्यावर आमच्याकडे पाहून एका खलाशाने हात केला, की आता तुम्ही.

आत्या क्षणभर पाहत राहिली. मग म्हणाली, “अरे, ही तर आमची कोकणबोट!”

तिने पाच मिनिटांत जे ओळखलं ते मला पुस्तकं वाचून कळलं होतं. ही मुळात सहलीची बोट नव्हेच. हुर्टिगरुटेन ही टपाल आणि माल नेण्यासाठी काढलेली नेमाची फेरी आहे. बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं आणि जाऊन-येऊन १२ दिवस. ती १८९३ साली सुरू झाली. त्याआधी ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत आणि हिवाळ्यात पाच महिने. म्हणजे नाताळच्या शुभेच्छा मेमध्ये हातात पडायच्या, तेव्हा बाहेर चोवीस तास ऊन. बारमाही बोट चालवा असं सरकारने सांगितल्यावर मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. हिवाळ्यात, रात्री, त्या खडकाळ किनाऱ्याने बोट हाकणं हा आत्महत्येचा प्रकार समजला जायचा. ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेला दीपगृहंच मुळी २८ होती. रिकार्ड विथ नावाचा एक कप्तान मात्र हो म्हणाला. त्याने आणि त्याच्या वाटाड्याने काही वर्षं होकायंत्र आणि घड्याळ घेऊन वही भरली होती: या दिशेने इतकी मिनिटं जायचं, मग वळायचं. समोरचं दिसलंच पाहिजे असा हट्टच नाही. पहिली फेरी त्याने काढली २ जुलैला, जेव्हा वर उत्तरेला रात्रच होत नाही. धाडसी माणूसही मुहूर्त बघूनच निघतो.

आत्याने कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, “आमच्याकडे पडावात उतरायला लागायचं, हे धक्क्याला लावतात. तेवढाच फरक.”

“आणि भाडं,” बायको म्हणाली. ती क्रोनला आठाने गुणत होती. बोटीवरच्या कॉफीचं उत्तर चारशेच्या आसपास येत होतं.

आणखी एक फरक होता, तो मी बोललो नाही. कोकणची बोट पावसाळ्यात बंद असायची. ही बोट नेमक्या वाईट दिवसांसाठी काढलेली आहे. चांगल्या दिवसांत काय, कुणीही पोचतो.

२०११ सालच्या जूनमध्ये नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने या बोटीचा बर्गन ते किर्केनेस प्रवास थेट दाखवला. क्षणचित्रं नव्हेत, अख्खा प्रवास: सलग १३४ तास. बोट चाललीय, बोट चाललीय, बंदर आलं, बोट थांबली, बोट चाललीय. त्या देशाची तेव्हाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आगेमागे. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी त्यातलं काही ना काही पाहिलं. किनाऱ्यावरची माणसं फलक घेऊन उभी राहिली आणि राणीसाहेबांनीही आपल्या जहाजावरून हात हलवला. दर दोन मिनिटांनी सुनेला विहिरीत ढकलणाऱ्या मालिकांवर वाढलेल्या आमच्या मनाला हे पचवायला जरा वेळ लागतो. पण बोटीवर दुसऱ्याच दिवशी मी स्वतः काचेसमोर बसून दीड तास काळोख पाहिला, आणि मधेच कुणी ‘जेवायला चला’ म्हटल्यावर मला व्यत्यय आल्यासारखं वाटलं.

बोटीत दोन जातींची माणसं असतात. एक आमच्यासारखी, पूर्ण फेरीची. यांत जर्मन पेन्शनर जास्त. त्यांच्याकडे प्रत्येक हवामानाचं वेगळं जाकीट असतं, आणि बंदर यायच्या अर्धा तास आधी ते ते घालून दाराशी उभे असतात. दुसरी जात खऱ्या प्रवाशांची, दोन-तीन बंदरांपुरती चढणारी. एक आजी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन परत निघालेली; एक पोरगा सुट्टीला घरी. यांना केबिन नसते. ते सोफ्यावर बूट काढून आडवे होतात आणि भूक लागली की पिशवीतून डबा काढतात. डब्यात पावाच्या चकत्या, दोन चकत्यांच्या मधे मेणकागदाचा बरोबर त्याच मापाचा तुकडा, म्हणजे खालच्या चकतीवरचं चीज वरच्या चकतीला चिकटत नाही. हा कागद त्या मापाचा कापलेला दुकानात मिळतो. बोटीवर उत्तम खानावळ असताना ही माणसं घरचा डबा खातात, हे कळल्यावर आत्याचं नॉर्वेबद्दलचं मत एकदम वर गेलं. तिने आपली भाकरवडी काढली, त्या आजीने मेणकागद उलगडला आणि दोघी एकमेकींचं शब्दही न कळता बराच वेळ बोलत बसल्या. कोणाच्या सुनेबद्दल ते मला सांगितलं नाही.

स्टाडच्या टोकाजवळ किनाऱ्याचा आडोसा संपतो आणि बोट उघड्या समुद्रात येते. त्याची सूचना अशी मिळते की जिन्याच्या कठड्यांवर कोणीतरी गुपचूप कागदी पिशव्या खोचून ठेवतं. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. पिशव्या दिसल्या की समजायचं. बायकोला बोट लागली, मला लागली, जाकीटवाल्या जर्मनांपैकी निम्म्यांना लागली. आत्या आलेपाकाची वडी चघळत खिडकीशी बसून होती. “जयगडच्या पुढे याहून लागायची,” म्हणाली.

ध्रुववृत्त ओलांडलं ते २३ तारखेच्या सकाळी, म्हणजे घड्याळातल्या सकाळी. वायकिंगन नावाच्या एका खडकावर लोखंडी पृथ्वीगोल उभा केलाय. बोटीवरून उजेड टाकून तो दाखवला. मग गच्चीवर समुद्रदेव न्योर्ड प्रकट झाला. दाढी कापसाची, हातात त्रिशूळासारखं काहीतरी, पायात बोटीच्या कर्मचाऱ्यांचे रबरी बूट. ध्रुववृत्त प्रथम ओलांडणाऱ्याच्या मानेवरून, कॉलरच्या आत, पळीभर बर्फाचं पाणी खड्यांसकट सोडायचं, अशी तिथली रीत आहे. एरवी गंभीर दिसणारे वयस्कर लोक रांगेत उभे राहून हे स्वखुशीने करून घेत होते, किंचाळत होते, आणि वर प्रमाणपत्र मिळतं म्हणून खूश होते. आत्याचा नंबर आला. ब्लाउज, त्यावर स्वेटर, त्यावर मुलाचा जुना कोट, त्यावर शाल आणि सगळ्यावर माकडटोपी. देवाने पळी उचलली. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. बर्फाला आत शिरायला कुठूनही वाट नव्हती. शेवटी देवाने पळी खाली ठेवली आणि आत्याशी हस्तांदोलन केलं. प्रमाणपत्र दिलं.

त्या रात्री मला झोप येईना. रात्र म्हणजे काय, दुपारी अडीचपासून जी चालू होती तीच. तीनच्या सुमारास बोटीचा सूर बदलला म्हणून वर गेलो, तर सोर्टलँड आलं होतं. धक्क्यावर पिवळे दिवे, बर्फ आडवा पडतोय. कुशीतलं दार उघडलं, फोर्कलिफ्ट निघाली. आधी टपालाची पेटी, मग खोके, मग जाळीत आवळून बांधलेली दोन सुरूसारखी झाडं, नाताळची. आणि मग ती गादी. बर्गनहून आमच्याबरोबर निघालेली, ओळखीची. फोर्कलिफ्टवाल्याने ती धक्क्यावर ठेवली, एका गाडीतून एक माणूस उतरला, दोघांनी मिळून ती गाडीच्या टपावर बांधली. पहाटे तीनला, वादळात, नाताळच्या आदल्या दिवशी. दोघं मिळून चारएक शब्द बोलले असतील. मग एक तरुण मुलगी पाठीवर सॅक घेऊन फळीवरून उतरली. समोर थर्मास घेऊन उभ्या असलेल्या बाईने तिला थर्मासचं झाकण भरून काहीतरी दिलं. तिने ते तिथंच उभ्या उभ्या संपवलं, आणि दोघी चालायला लागल्या. मिठ्या नाहीत, ‘किती वाळलीस’ नाही. आमच्याकडे एवढ्या वेळात गाडीच्या डिकीवरून भांडण झालं असतं, मिटलं असतं आणि चहा झाला असता. दार बंद, भोंगा नाही, बोट निघाली. या सगळ्या कार्यक्रमात आमचा, म्हणजे लाखांच्या हिशेबात पैसे भरलेल्यांचा, संबंध काहीच नव्हता. टपाल, गादी, झाडं यांच्याबरोबर आम्हीही तिथून चाललो होतो, एवढंच. मला हे फार आवडलं. बहुतेक पर्यटनस्थळी सगळं गाव आपल्यासाठी मांडून ठेवलेलं असतं. इथं आपण नसतो तरी गादी वेळेवरच पोचली असती.

२४ तारीख हा त्यांचा खरा सण. सकाळी कर्मचारी आळीपाळीने टीव्हीसमोर दिसू लागले. तिथं दर नाताळला एक जुना चेकोस्लोव्हाकियाचा सिनेमा लावतात, सिंड्रेलाचा, १९७३ सालचा. त्याला नॉर्वेजियन आवाज दिलाय एकाच माणसाने. क्नुट रिसान त्याचं नाव. सिंड्रेला तोच, सावत्र आई तोच, राजपुत्रही तोच. राजपुत्र सिंड्रेलाला मागणी घालतो तेव्हा एकच गृहस्थ स्वतःला विचारतो आणि स्वतःच लाजतो. मी ते हसून पाहत होतो, पण आजूबाजूला कुणी हसत नव्हतं. ज्यांची उभी हयात दरवर्षी हे पाहण्यात गेली त्यांना सावत्र आईला घोगरा पुरुषी आवाज असणं हे नैसर्गिकच वाटत असणार.

दुपारी ट्रोम्सो. बायकोने यादी काढली होती: लोकरीचे हातमोजे, लोकरीची टोपी, वहिनींसाठी लोकरीचं काहीतरी. आम्ही उतरलो तर भर बाजारात दुकानांना कुलूप. दिवे सगळे लागलेले, काचेत हातमोजे मांडलेले, किमतीही दिसताहेत, आणि माणूस एक नाही. बायकोने त्या काचांसमोर जितका वेळ घालवला तितका ती उघड्या दुकानातही घालवत नाही. मग पाच वाजता घंटा सुरू झाल्या. तिथं नाताळ घड्याळ लावून घंटांनी सुरू होतो. पुलापलीकडे १९६५ साली बांधलेलं पांढरं त्रिकोणी चर्च काळ्या डोंगराखाली उजळून उभं होतं. खरं सांगायचं तर थंडीत नाक गेलं होतं आणि खरेदी बुडाली होती, तरी आम्ही तिघंही पूर्ण घंटा होईपर्यंत हललो नाही.

जेवण! पश्चिम किनाऱ्यावर नाताळला खारवून सुकवलेल्या मेंढीच्या फासळ्या, बर्च झाडाच्या काटक्यांवर वाफवून. पूर्वेकडे डुकराच्या. आणि उत्तरेकडे मोठा मान लुटेफिस्कला. बोट सगळ्यांची, म्हणून सगळंच मांडलेलं. लुटेफिस्कची हकिकत अशी. लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात कॉड मासा पकडतात आणि मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाऱ्यावर सुकवतात. तो इतका टणक होतो की दार अडवायला ठेवता येईल. १४३२ साली क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा एक व्यापारी जहाज फुटून या बेटांवर येऊन पडला. त्याने परत जाताना हा मासा नेला आणि इटालियन लोक तो आजतागायत विकत घेतात. इथपर्यंत आत्याला सगळं पटलं. सुकी मासळी तिला नवी नाही. पुढचं मी सांगितलं: मग तो कित्येक दिवस पाण्यात भिजवतात, मग क्षाराच्या पाण्यात, म्हणजे कॉस्टिक सोड्यात, मग पुन्हा बरेच दिवस साध्या पाण्यात, आणि मग शिजवतात.

“कॉस्टिक?” आत्या म्हणाली. “मोरी तुंबल्यावर घालतात तो?”

“तोच.”

तिने ताटलीतल्या त्या थरथरणाऱ्या पारदर्शक तुकड्याकडे आदराने पाहिलं. खाल्ला. शेजारचं तळलेल्या डुकराच्या चरबीचं वाडगं बाजूला सारून तिने पर्समधून लोणच्याची बाटली काढली आणि दुसरा तुकडा घेतला. वाढपी मुलगी थबकली. “मार्गशीर्ष आहे ना, आत्या?” बायकोने दबक्या आवाजात आठवण केली. “बोटीवर मार्गशीर्ष नसतो,” आत्या म्हणाली. “देवगडात असतो.”

बायको शाकाहारी, आणि मार्गशीर्षात तर कडक. तिची मदार बटाट्यांवर होती, कारण नॉर्वेत प्रत्येक गोष्टीबरोबर बटाटा येतो, आणि तपकिरी रंगाच्या त्या गोडसर चीजवर, जे ताकाच्या निवळीसारखं पाणी आटवून आटवून करतात. शेवटी आली तांदळाची थंड खीर, वर लाल फळांचा रस. यात एक गंमत असते. सगळ्यांच्या मिळून खिरीत एकच अख्खा बदाम लपवलेला असतो. ज्याच्या वाटीत निघेल त्याला बक्षीस. लोक दातांनी हळूहळू चाचपत खात होते. बायको मात्र आपली सरळ खात होती, आणि तिच्याच दाताखाली तो कडकडला. टाळ्या झाल्या. मुख्य आचारी टोपी घालून बाहेर आला आणि त्याने बक्षीस तिच्या हातात दिलं: गुलाबी रंगाचं, गुबगुबीत, शेपटीला वेटोळं असलेलं डुक्कर. मार्झिपानचं. म्हणजे बदाम आणि साखर. हे सगळे जण तिला समजावून सांगत होते. ती हसून आभार मानत होती आणि डुक्कर शरीरापासून जितकं लांब धरता येईल तितकं लांब धरून उभी होती. पुढे ते पुण्यापर्यंत आलं. फ्रिजमध्ये आहे. ते शाकाहारी आहे हे तिला मान्य आहे, पण पहिला चावा कुठून घ्यायचा हे ठरत नाही.

नंतर झाडाभोवती फेर. हातात हात धरून, आतला फेर एकीकडे, बाहेरचा दुसरीकडे, तोंडाने गाणी. मंगळागौरी जागवलेल्या बाईला फेर धरायला शिकवावं लागत नाही. तिसऱ्या गाण्याला आत्या आतल्या फेरात होती आणि वेग ती ठरवत होती. दोन जर्मन बसले.

नॉर्थ केपचं थोडक्यात सांगतो, कारण ते तेवढंच आहे. युरोपचं उत्तर टोक म्हणून समुद्रात उभा ३०७ मीटरचा कडा. पुढे बर्फ उपसणारं यंत्र, मागे आमच्या बसगाड्यांची माळ. वर एक लोखंडी पृथ्वीगोल आणि त्याच्याखाली फोटोची रांग. वारा असा की फोटोत सगळ्यांचे चेहरे कुणीतरी फसवल्यासारखे येतात. आता गंमत म्हणजे शेजारचंच दुसरं एक टोक याहून थोडं अधिक उत्तरेला आहे, आणि ही दोन्ही टोकं मुळात बेटावर आहेत, मुख्य भूमीवर नाहीतच. पण बसचा रस्ता या टोकाला येतो, म्हणून युरोप इथं संपतो. सयामचा राजा चुलालोंगकोर्न १९०७ साली इथवर आला होता, त्याच्या आठवणीला आत एक दालन आहे. राजा उन्हाळ्यात आला होता.

आणि मग किर्केनेसला गुरुवार उगवला. चुकलो, उगवला नाही, हीच तर अडचण. त्या वर्षी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार नाताळच्या दुसऱ्या दिवशी होता. बायकोचा महालक्ष्मीचा उपास. केबिनमध्ये दात घासायच्या ग्लासाचा कलश झाला, नारळाच्या जागी सफरचंद, देवीचा फोटो मोबाइलवर. दिवा लावायचा नाही, कारण धुराची घंटा वाजली तर नॉर्वेचं अग्निशमन दल पूजेला येईल. सगळं झालं आणि तिने विचारलं, “अहो, पण उपास सोडायचा कधी?”

“सूर्य मावळला की.”

“तो तर नोव्हेंबरातच मावळलाय.”

मग चर्चा सुरू झाली. एक पक्ष असा की मावळलाच आहे तर उपास धरल्या क्षणी सुटलेला आहे. दुसरा असा की आपल्या पंचांगात तिथी धरायची ती सूर्योदयाची, आणि वारही सूर्योदयालाच बदलतो. “म्हणजे इथे शेवटचा सूर्य उगवला तेव्हा जो वार होता, तोच वार अजून चालू आहे,” आत्या म्हणाली, “तू उगाच उपाशी आहेस. आज गुरुवार लागलेलाच नाही.” बायको रडकुंडीला आली. मी बाहेर पाहिलं. किर्केनेस इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे, पण घड्याळ ओस्लोचं लावतात, त्यामुळे जो काही उजेड यायचा तो बाराच्या आधीच, अकराच्या सुमारास येतो. दक्षिणेकडे आकाश जांभळं झालं, मग गुलाबी, बर्फावर निळी छाया पसरली. रस्त्यांवरच्या पाट्या नॉर्वेजियन आणि रशियन अशा दोन लिप्यांत दिसायला लागल्या. थोड्या वेळाने सगळं परत मिटलं. याला सूर्योदय म्हणायचं की सूर्यास्त, हे महालक्ष्मीनेच ठरवावं.

तोडगा आत्यानेच काढला. व्रत पुण्यात धरलंय, तर सूर्यही पुण्याचा धरायचा. मोबाइल पाहिला: पुण्याचा सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या पुढेमागे, म्हणजे इथले दुपारचे दीड-पावणेदोन. बोटीवरचं दुपारचं जेवण तेव्हा चालूच होतं. आजवरच्या सगळ्या मार्गशीर्षांत इतक्या लवकर सुटलेला हा पहिलाच उपास, असं बायकोने बटाटे वाढून घेताना मान्य केलं.

परतीच्या वाटेवर उत्तरप्रकाश. याबाबत या मार्गावरची एक कंपनी लेखी हमी देते: ठरावीक महिन्यांत पूर्ण फेरी करा, आणि तो दिसलाच नाही, तर सहा-सात दिवसांची सफर पुन्हा फुकट. या हमीने माणसाच्या मनाची जी ओढाताण होते तिचा विचार कंपनीने केलेला नाही. रात्री गच्चीवर पाहावं तर निम्मे लोक तो दिसावा म्हणून आकाशाकडे पाहताहेत आणि निम्मे दिसू नये म्हणून. एका रात्री साडेबाराला केबिनमधल्या कर्ण्यातून घोषणा झाली. धावलो. वर एक फिकट राखाडी पट्टा. ढगच आहे, असं एक जर्मन गृहस्थ ठामपणे म्हणाले; त्यांना बहुधा परत यायचं होतं. मोबाइल धरला तर पडद्यावर पोपटी हिरवा. आमच्या डोळ्यांपेक्षा मोबाइलला जास्त दिसत होतं आणि कंपनी मोबाइलच्या बाजूने होती.

सूर्याकडून येणारे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाने ध्रुवांकडे ओढले जातात आणि शंभर किलोमीटरहून उंचावर ऑक्सिजनवर आदळले की हिरवा उजेड पडतो. क्रिस्टियान बिर्केलँडने हे निर्वात पेटीत एक चुंबकी गोळा टांगून प्रयोगशाळेत करून दाखवलं होतं; कित्येक वर्षं त्याचं चित्र २०० क्रोनच्या नोटेवर होतं. हे मी आत्याला सांगत असतानाच तो पट्टा अचानक जागा झाला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हिरवी लाट धावली, खालच्या कडेला गुलाबी झाली, डोक्यावर येऊन उलगडली. जर्मन गृहस्थही ‘आह’ म्हणाले. त्यांची फुकट सफर गेली. दोनएक मिनिटांनी पुन्हा राखाडी.

“संपलं?” आत्याने विचारलं. मग थोडं थांबून, “परत लावतील का?”

दक्षिणेकडे येताना ध्रुववृत्त पुन्हा ओलांडावं लागतं आणि त्याचाही विधी आहे. या वेळी बर्फ नाही, चमचाभर कॉडलिव्हर ऑइल. गच्चीवर रांग, बाटली घेऊन एक अधिकारी, प्रत्येकाच्या तोंडात एक चमचा, आणि तो चमचा आठवण म्हणून ज्याचा त्याला. बायकोने मार्गशीर्ष पुढे केला. मी डोळे मिटून गिळलं. आत्याच्या लहानपणी हे तेल तिला रोज पाजायचे. तिने सरबतासारखं घेतलं, चमचा उलटसुलट करून पाहिला, वजन घेतलं, नखाने वाजवला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. अधिकारी हसला, दुसरा चमचा दिला. तिसऱ्यांदा ती समोर आली तेव्हा त्याने काळजीने माझ्याकडे पाहिलं.

“त्याला सांग, मला काही होत नाही,” आत्या म्हणाली. “आणि विचार, सहा पुरे होईपर्यंत बाटली पुरेल ना?”